कॉम्रेड शरद पाटील : खानदेशातील जात आणि वर्गाचा लढा

शरद पाटील यांचा जन्म १७ सप्टेंबर १९२५ रोजी धुळ्यात, सत्यशोधकी वळणाच्या शेतकरी कुटुंबात झाला. चित्रकार होण्यासाठी ते आधी बडोद्याच्या कलाभवनात आणि पुढे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात गेले. १९४५ साली शिक्षण अर्ध्यावर सोडून ते कम्युनिस्ट पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. धुळ्याला परतल्यावर त्यांनी आधी कामगारांत, मग शेतकरी आणि आदिवासींत काम केले.

त्या काळच्या खानदेशात शोषणाची अनेक रूपे एकत्र नांदत होती. धुळे आणि अमळनेर येथे कापड गिरण्या होत्या. तापीकाठच्या कपाशीच्या शिवारात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेले शेतमजूर, राबत. त्यांचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरे. चोपडा, यावल, रावेरपासून शहाद्यापर्यंत सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा, तडवी आणि भिल्ल वस्ती होती. साक्री-नवापूरकडे कोकणा आणि मावची. सावकारी कर्जापायी आदिवासींच्या जमिनी हातून गेल्या होत्या, आणि जंगलातली जमीन कसणाऱ्याला वनखाते अतिक्रमक ठरवत होते. गिरणी कामगार, सालदार आणि आदिवासी हे तिघेही गरीब. पण गावात तिघांची पायरी एक नव्हती. ती पायरी मजुरीवर नव्हे, जन्मावर ठरत होती.

१९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटला तेव्हा पाटील मार्क्सवादी पक्षात गेले. तिथे त्यांचा मतभेद जातीच्या प्रश्नावर झाला. वर्गलढा यशस्वी झाला की जात आपोआप गळून पडेल, ही धारणा त्यांना मान्य नव्हती. ब्रिटिशपूर्व भारतात शोषणाची मूळ चौकटच जातीची होती, वर्ग नंतर आले आणि जात टिकून राहिली; म्हणून दोन्ही लढे एकाच वेळी लढावे लागतील, असे त्यांचे म्हणणे होते. १९७८ मध्ये त्यांनी पक्ष सोडला आणि सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापलेल्या सत्यशोधक समाजाचा वारसा या नावातच होता. मार्क्स, फुले आणि आंबेडकर हा त्यांच्या विचाराचा पाया होता. जातीचा, वर्गाचा आणि स्त्रीदास्याचा अंत हे ध्येय होते.

जातीविषयीचे आपले मत सिद्ध करण्यासाठी त्यांनी प्राचीन ग्रंथांकडे मोर्चा वळवला. मूळ शब्दांचे अर्थ स्वतः तपासता यावेत म्हणून ते संस्कृत आणि पाणिनीचे व्याकरण शिकले. दास आणि शूद्रांच्या गुलामगिरीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच दशकात त्यांनी ‘सत्यशोधक मार्क्सवादी’ हे मासिक चालवले. ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या पुस्तकात त्यांनी साहित्याच्या कसोट्याही तपासल्या. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकांच्या ज्ञानविचाराचा आधार घेऊन त्यांनी मार्क्सवादाचीच फेरमांडणी केली.

इटलीत अंतोनियो ग्रामशी यांनीही डाव्या विचारात संस्कृतीला मोलाचे स्थान दिले होते. सत्ता केवळ बळावर नव्हे, तर समाजाने मनोमन दिलेल्या संमतीवर टिकते, हे त्यांनी तुरुंगात लिहिलेल्या वह्यांत मांडले. पाटील यांनी भारतात हाच प्रश्न जातीच्या अंगाने हाताळला.

निवडणुकीच्या राजकारणात त्यांचा पक्ष लहानच राहिला. परंतु जातिअंताचा प्रश्न महाराष्ट्रातील डाव्या चळवळीच्या ऐरणीवर आणण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. १२ एप्रिल २०१४ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले.