लेकीच्या जन्मासाठी झालेली एकजूट



मल्लिकाराणीला मुलगी झाल्याचे कळताच कोसलचा राजा प्रसेनजित याचे तोंड उतरले. मुलगी मुलाहूनही सरस निघू शकते, असे भगवान बुद्धांनी त्याला समजावले. ही गोष्ट आपण विहारात ऐकतो, अन् घरी मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी वाटतो!

१९७० नंतरच्या दशकात तर मुलगी जन्मालाच येऊ नये याची सोय निघाली. गरोदर बाईच्या पोटात सुई घालून गर्भजल काढायचे. चाचणी होती बाळातले दोष शोधण्यासाठी, पण वापर होऊ लागला मुलगा की मुलगी हे बघण्यासाठी. सरकारी दवाखान्यांत १९७८ साली त्यावर बंदी आली. खाजगीत मात्र मोकळे रान. लोकलच्या डब्यांतसुद्धा जाहिराती लागल्या : आज पाचशे रुपये घाला, उद्याचा लाखोंचा हुंडा वाचवा, असा त्यांचा सूर. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६ मध्ये मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चौकशी केली, तर त्यांतले ४२ जण ही चाचणी करीत होते.

याविरुद्ध १९८५-८६ मध्ये मुंबईत स्त्रीसंघटना, डॉक्टर, वकील, लोकविज्ञानाचे कार्यकर्ते एकत्र आले अन् मंच उभा राहिला. काम सोपे नव्हते. चाचणी बंद व्हावी, पण १९७१ च्या कायद्याने बाईला मिळालेली गर्भपाताची मोकळीक जाता कामा नये, ही तारेवरची कसरत होती. गर्भपातालाच पाप म्हणणाऱ्यांच्या पंगतीला बसायचे नाही, हे त्यांनी कटाक्षाने पाळले. आम्हाला त्यांचा हाच विवेक सर्वांत मोठा वाटतो. विधिमंडळात मृणालताई गोरे यांनी हा प्रश्न लावून धरला. बाबासाहेबांनी १९२८ साली गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या रजेची बाजू मांडली होती, तीही मुंबईच्याच कायदेमंडळात.

१९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने. पण अंमलबजावणीच्या नावाने आनंद. शेवटी २००० साली ‘सेहत’, ‘मासूम’ या संस्था व साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००१ मध्ये न्यायालयाने सरकारांना खडसावले, २००३ मध्ये सुधारित कायदा लागू झाला.

एवढे होऊनही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ अन् २०११ साली ८९४. या मोजणीत आपल्या माजिवड्याची घरेही आलीच.