आज्ञावली-कार्याचे अभिलेखन व पुनश्चालन

संगणकावर आज्ञावली चालू असताना तिच्या कार्याची नोंद ठेवणे व त्या नोंदीवरून तेच कार्य पुढे केव्हाही हुबेहूब घडवून आणणे, या दोषशोधनाच्या पद्धतीला ‘अभिलेखन-पुनश्चालन’ म्हणतात. आज्ञावलीतील काही दोष क्वचितच प्रकट होतात. त्यांच्या शोधासाठी जादा आज्ञा घातल्यास घटनांचा कालक्रम बदलतो आणि दोष दिसेनासा होतो. असा दोष एकदा नोंदीत सापडला म्हणजे तो हवा तितक्या वेळा तपासता येतो.

नोंद नेमकी कशाची ठेवावी, या प्रश्नाची उत्तरे कशी बदलत गेली, हाच या पद्धतीचा मुख्य इतिहास होय. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनमध्ये रॉबर्ट बाल्झर यांनी १९६९ मध्ये ‘एक्सडॅम्स’ ही प्रणाली मांडली. तीत कार्याचा तपशील ‘इतिहास-फिती’वर साठविला जाई व त्यावरून ते पुढे वा मागे जाऊन पाहता येई. तथापि अशा नोंदीचा आकार फार मोठा होतो.

टी. जे. लेब्लांक व जे. एम. मेलर-क्रमी यांनी १९८७ मध्ये समांतर आज्ञावलींसाठी वेगळा मार्ग दाखविला. सामायिक माहितीला कोणत्या प्रक्रियेने कोणत्या क्रमाने हात लावला, एवढेच त्यांनी नोंदविले. मूल्ये पुनश्चालनात आपोआप पुन्हा निर्माण होतात. जे पुन्हा गणून मिळते ते साठविण्याचे कारण नाही, हे तत्त्व यातून स्पष्ट झाले. मिशिगन विद्यापीठातील ‘रीव्हर्ट’ या प्रणालीने (२००२) ते संपूर्ण आभासी संगणकास लावले व संगणकात झालेल्या घुसखोरीचा मागोवा घेण्यासाठी वापरले.

मोझिला संस्थेत विकसित होऊन २०१४ मध्ये जाहीर झालेल्या ‘आरआर’ या साधनाने ही पद्धत सामान्य यंत्रांवर आणली. प्रचालन प्रणालीकडून आलेली उत्तरे व बाह्य संकेत ते नोंदविते. संकेत नेमका कोठे आला, हे तोवर पार पडलेल्या सशर्त शाखा-आज्ञांच्या संख्येवरून ठरते. ही मोजणी प्रक्रियकातील गणकच करतो. समांतर आज्ञाप्रवाह मात्र एकाच गाभ्यावर आळीपाळीने चालवावे लागतात. त्यामुळे क्रम निश्चित राहतो, परंतु अनेक गाभ्यांचा वेग गमवावा लागतो. तसेच दोन गाभे खरोखर एकाच वेळी चालल्यानेच उद्‌भवणारे काही दोष या नोंदीत सापडत नाहीत.