सिल्लेवाड्याच्या दगडातलं पान

भिवंडीजवळचं अंजूर लाव्हाच्या मुलखात आहे. भिवंडीच्या दगडखाणींतून निघणारा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. दगडी कोळसा देणारी रानं त्याच्याही कितीतरी आधीची, २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीची. त्यांची पानं पाहायला अंजूरकरांना थेट विदर्भ गाठावा लागतो.

नागपूरजवळच्या कामठी-सिल्लेवाड्याच्या खडकात ती पानं आहेत. जिभेच्या आकाराचं पान, मधोमध ठसठशीत शीर आणि तिच्या दोन्ही अंगांना बारीक शिरांची जाळी. इतका स्वच्छ ठसा की शीर न् शीर मोजावी. या झाडाचं नाव ग्लॉसोप्टेरिस.

१८४५ साली नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह हे ठसे गोळा केले. बंगालच्या कोळसाखाणींतही असलीच पानं मिळत, हे त्यांनी ताडलं. थर जुरासिक काळातले असावेत हा त्यांचा अंदाज मात्र टिकला नाही. ते त्याहून बरेच जुने, पर्मियन काळातले ठरले. हिस्लॉपचे नमुने लंडनला गेले, १८६१ मध्ये चार्ल्स बनबरींनी त्यांचं वर्णन छापलं आणि एका वनस्पतीला हिस्लॉपचं नाव दिलं. दोनच वर्षांनी, टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना, हिस्लॉप पूर आलेल्या ओढ्यात बुडाले.

हेच पान पुढे फार लांब सापडलं. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये ब्रिटिश मोहिमवीर स्कॉट आणि त्यांचे सोबती मेले, तेव्हा त्यांच्याजवळ सुमारे १६ किलो दगड होते आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिस होतं. या झाडाचं बी समुद्र ओलांडून जाणं अवघड. भारत, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिका एकेकाळी जोडलेले होते, याचा हा भक्कम पुरावा ठरला.

पानं उदंड, पण बीज धरणारे अवयव पानाला जोडलेले सापडणं दुर्मीळ. त्यामुळे शंभराहून अधिक वर्षं अनेक अभ्यासक ग्लॉसोप्टेरिसला नेचाच समजत राहिले. १९५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एडना प्लमस्टेड यांनी तसे नमुने दाखवले आणि हा बीजधारी वृक्ष असल्याचं ठरलं.

सिल्लेवाड्यात आता कोळसाखाण आहे. कोळशाच्या थरांलगतच्या शेल या पापुद्र्यांच्या खडकातच असे ठसे असतात आणि शेल टाकाऊ म्हणून ढिगाऱ्यावर जातो. तो तिथे पोचण्याआधी नागपूर-चंद्रपूरच्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चाळायला मिळायला हवा.