न्यायमूर्ती भूषण गवई आणि सर्वोच्च न्यायासनाची वाट

२४ मे १९४९ रोजी घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या कलमावर चर्चा झाली. सरन्यायाधीशांची संमती बंधनकारक करावी, अशी काही सदस्यांची सूचना होती. पूज्य बाबासाहेबांनी ती अमान्य केली. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी तेही मनुष्यच. इतरांप्रमाणे त्यांनाही दोष व पूर्वग्रह असू शकतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणून घटनेत केवळ विचारविनिमयाची तरतूद झाली. पुढे १९९३ च्या निकालाने त्या शब्दाचा अर्थ पालटला आणि निवडीचा अधिकार ज्येष्ठ न्यायाधीशांच्या न्यायवृंदाकडे आला.

बरोबर सत्तर वर्षांनी, २४ मे २०१९ रोजी, न्यायमूर्ती भूषण रामकृष्ण गवई यांनी सर्वोच्च न्यायालयात शपथ घेतली. न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन मे २०१० मध्ये निवृत्त झाल्यापासून तेथे अनुसूचित जातींतील एकही न्यायाधीश नव्हता. ही उणीव सुमारे दशकानंतर दूर होईल, अशी नोंद न्यायवृंदाने आपल्या शिफारशीत केली होती.

ही उणीव का पडली, याचे उत्तर गवई यांच्या कारकिर्दीतच सापडते. २४ नोव्हेंबर १९६० रोजी अमरावतीस जन्मलेले, आंबेडकरी नेते रा. सू. गवई यांचे हे सुपुत्र १९८५ मध्ये वकील झाले. मुंबईत काही वर्षे वकिली करून ते नागपूर खंडपीठाकडे वळले. २००० मध्ये ते तेथे सरकारी वकील झाले व १४ नोव्हेंबर २००३ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश झाले. उच्च न्यायालयात निवृत्तीचे वय ६२, सर्वोच्च न्यायालयात ६५. सर्वोच्च न्यायालयात ज्येष्ठतेनुसार सरन्यायाधीश नेमण्याची प्रथा आहे. त्यामुळे उच्च न्यायालयात उशिरा प्रवेश मिळालेला गुणवान मनुष्य शिखरापूर्वीच निवृत्त होतो. लवकर प्रवेश मिळूनही गवई यांच्या वाट्यास सरन्यायाधीशपदाचे सहाच महिने आले : १४ मे ते २३ नोव्हेंबर २०२५. ते पहिले बौद्ध सरन्यायाधीश होत.

५ नोव्हेंबर २०२५ रोजी त्यांच्याच हस्ते वांद्रे पूर्व येथे मुंबई उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाची कोनशिला बसली. घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांतून आज कायदा शिकणारी मुले तेथे वकिली करतील. त्यांतील किती जण चाळिशीत न्यायासनावर बसतील, यावरच पुढील सरन्यायाधीश ठरणार आहे. आमच्या मते खरा दरवाजा दिल्लीत नसून तेथे आहे.