महाडची दुसरी परिषद : संकटात संस्थेनं नाव कसं राखलं

दर मार्चला आपल्या विहारात महाडचा विषय निघतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, हे आपल्या घरातलं शाळकरी पोरही सांगेल. पण त्याच सालच्या डिसेंबरात काय झालं, ते फारसं बोललं जात नाही. मनुस्मृती जाळली एवढं आठवतं. हजारो माणसं तळ्याला वळसा घालून पाण्याला हात न लावता परत फिरली, हे आठवत नाही. आम्हाला वाटतं, संस्था संकटात सापडली म्हणजे तिनं कसं वागावं याचा मोठा धडा त्या परत फिरण्यात आहे.

आधी मार्चची हकिकत पाहू. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलनं १९२३ साली मंजूर केला. महाड नगरपालिकेनंही १९२४ साली तळं खुलं केलं, पण ते कागदावरच राहिलं. परिषदेच्या लोकांनी प्रत्यक्ष पाणी घेतल्यावर गावात आवई उठली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. बातमी साफ खोटी होती. पण जमाव लाठ्याकाठ्या घेऊन मंडपावर चालून आला, जेवत्या माणसांवर हात टाकला. आपल्या बाजूलाही पलटणीत नोकरी केलेले गडी होते. बाबासाहेबांचा एक शब्द पुरे होता. तो शब्द त्यांनी दिला नाही. शांत राहा, असं बजावलं.

त्याचं फळ काय मिळालं? जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. उलट हात उचलला असता तर दोन्ही बाजू सारख्याच दंगेखोर ठरल्या असत्या. आणि बाबासाहेब नुसते गप्पही बसले नाहीत. ३ एप्रिलला त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ पाक्षिक सुरू केलं. लोक आपल्याविषयी काहीबाही बोलत असताना खरी हकिकत आपणच, आपल्या नावानिशी मांडावी लागते, हे त्यांनी ओळखलं होतं.

पुढं ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. म्हणून डिसेंबरात सत्याग्रह परिषद बोलावली. तेवढ्यात सनातन्यांनी दावा लावून १४ डिसेंबरला कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. मंडपाला जागा मिळेना. शेवटी एका मुसलमान गृहस्थानं आपली जमीन दिली. गावोगावची माणसं गाठीला भाकरी बांधून आली होती. तुरुंगात जायला तयार असलेल्यांची नावं लिहून घेतली, तर ती हजारोंनी भरली.

आता पेच बघा. हुकूम मोडावा तर सरकार आणि सनातनी दोघेही अंगावर येणार. थांबावं तर लोक म्हणणार, घाबरले. दावा कुठं जाईल, हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं. २७ डिसेंबरला बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब ठेवण्याचा ठराव आणला. आपलं भांडण सनातन्यांशी आहे, सरकारशी नाही, ही बाजू त्यांनी लोकांसमोर मांडली. ज्यांनी जेलची तयारी केली होती त्यांना हे ऐकणं सोपं गेलं नसेल. तरी ठराव पास झाला. शिस्तीत मिरवणूक निघाली, तळ्याला फेरी झाली, आणि एकानंही हुकूम मोडला नाही.

पण तहकूब म्हणजे सोडून दिलं असं नव्हे. पुढच्याच वर्षी तो मनाई हुकूम उठला. दावा मात्र खालच्या कोर्टातून वरच्या कोर्टात चालतच राहिला. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टानं निकाल दिला : अस्पृश्यांना तळ्यावर बंदी घालणारी पूर्वापार वहिवाट सनातन्यांना शाबीत करता आली नाही. दहा वर्षं लागली. त्या दहा वर्षांत हे प्रकरण अर्ध्यावर टाकलं असतं, तर ‘घाबरले’ हे लोकांचं बोलणं खरं ठरलं असतं.

आमच्या मंडळावरही मागं एकदा दानपेटीवरून कुजबुज झाली होती. काही जण म्हणाले, बोलणाऱ्याला जाब विचारा. वडीलधाऱ्यांनी तसं होऊ दिलं नाही. पौर्णिमेला वही सतरंजीवर ठेवली आणि म्हणाले, ज्याला बघायची त्यानं बघा. महिन्याभरात कुजबुज थांबली. वही मात्र त्यानंतरही दर पौर्णिमेला बाहेर येते, कारण एकदा दाखवून भागत नाही.

संस्थेचं नाव संकटात तीन गोष्टींनी राहतं. हात आवरता आला पाहिजे, खरं काय ते उघड सांगता आलं पाहिजे, आणि पुढं ढकललेलं काम शेवटाला नेता आलं पाहिजे. विहाराची पुढची जबाबदारी जे तरुण घेणार आहेत, त्यांनी महाडचा मार्च जरूर आठवावा. पण डिसेंबरही विसरू नये.

जय भीम!