ताळा जुळला नाही तर?

उभी बेरीज करताना हातचे लिहून ठेवा, असे आपण मुलांना सांगतो. उत्तर चुकलेच, तर चूक कोणत्या रकान्यात आहे ते चटकन सापडते. २४ जून १९४९ रोजी केंब्रिजच्या परिषदेत अ‍ॅलन ट्युरिंग यांनी हाच दाखला दिला. लांबलचक आज्ञावली एकदम तपासणे अवघड असते. म्हणून 'येथे अमुक खरे असलेच पाहिजे' अशी विधाने जागोजागी नोंदवावीत, म्हणजे एकेक तुकडा स्वतंत्रपणे पडताळता येईल, असे त्यांनी सुचवले. या विधानांना आज 'असर्शन' म्हणतात. रॉबर्ट फ्लॉइड (१९६७) आणि टोनी होअर (१९६९) यांनी या कल्पनेला तर्कशास्त्राची बैठक दिली.

पुढे आज्ञावली चालू असतानाच संगणक असे ताळे पाहू लागला. समजा, स्मृतीत नोंदींची साखळी आहे आणि प्रत्येक नोंदीत मागच्या-पुढच्या नोंदीचा पत्ता आहे. 'माझ्या पुढच्या नोंदीची मागची नोंद मीच' हे विधान खोटे ठरले, तर साखळी बिघडली हे नक्की. पण मग काय करावे? पुढे गेल्यास बिघाड पसरतो, म्हणून सहसा थांबणे बरे. मात्र थांबणे नेहमीच सुरक्षित असते का?

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून 'एरियान ५' हा युरोपीय अग्निबाण प्रथमच झेपावला. त्याच्या दिशामापक संगणकातील आज्ञावली 'एरियान ४' वरून घेतलेली होती. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जास्त असल्याने एक संख्या १६ बिटांच्या जागेत मावेना. तेथे ३२,७६७ ही कमाल मर्यादा. संगणकाने चूक ओळखली आणि ठरल्याप्रमाणे तो बंद झाला. तीच आज्ञावली असलेला राखीव संगणक क्षणभर आधीच बंद झाला होता. बिघाडाची माहिती देणारे आकडे मुख्य संगणकाने उड्डाणाचे आकडे समजून वाचले आणि सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला. विशेष म्हणजे, ते गणित उड्डाणानंतर लागणारच नव्हते!

यंत्राचा एखादा भाग निकामी झाला, तर तो बंद करून राखीव भाग वापरणे योग्यच. पण चूक आज्ञावलीत असेल, तर दोन्ही यंत्रे तीच चूक करणार. म्हणून ताळा कोठे पाहायचा हे ठरवतानाच, तो जुळला नाही तर काय करायचे आणि त्याचा परिणाम कोणावर होईल, हेही ठरवावे लागते.