श्रेष्ठतेचा वाद आणि नोंदवहीबाहेरची वर्षे

धानाची कापणी उरकल्यावर भंडारा जिल्ह्यातील गावोगावी शंकरपट भरतात, म्हणजे मोकळ्या रानात आखून घेतलेल्या मार्गावर बैलजोड्यांच्या शर्यती होतात, आणि कोणाची जोडी सर्वांत श्रेष्ठ यावर पट उठल्यानंतरही अनेक दिवस चर्चा चालते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे पट थांबले. डिसेंबर २०२१ मध्ये मिळालेली अंतरिम परवानगी आणि मे २०२३ मधील घटनापीठाचा निकाल यांमुळे ते पुन्हा भरू लागले. या चर्चेला एक पक्का आधार असतो. धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, कितीही नावाजलेला असला तरी जोडीने किती सेकंदांत अंतर कापले हे घड्याळ सांगते, आणि तो आकडा पुढील हंगामातही पुरावा म्हणून पुढे करता येतो. फुटबॉलमधील श्रेष्ठतेच्या वादाला असे घड्याळ नाही. तेथे गोल, सामने, पुरस्कार आणि पाहणाऱ्यांची स्मृती एवढीच साधने हाती असतात. आणि भारताच्या महिला राष्ट्रीय संघापुरते बोलायचे तर यांतील पहिली तीन साधने कित्येक वर्षे धडपणे अस्तित्वातच नव्हती. भारताची सर्वश्रेष्ठ महिला फुटबॉलपटू कोण, या प्रश्नावर चाहत्यांमध्ये होणाऱ्या वादाचा इतिहास म्हणूनच बराचसा नोंदींचा, आणि न केलेल्या नोंदींचा, इतिहास ठरतो.

विदर्भात फुटबॉल रुजला तो प्रामुख्याने १८२१ मध्ये वसवलेल्या कामठीच्या लष्करी छावणीच्या आणि नागपूर शहराच्या आश्रयाने. भंडाऱ्याच्या मातीत कबड्डी, खो-खो आणि कुस्ती यांचाच पगडा राहिला. तरीही या खेळाच्या नकाशावर जिल्हा अगदीच आडबाजूला नव्हता. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेचा मार्ग वरठी येथील भंडारा रोड आणि पुढे तुमसर रोड या स्थानकांवरून जातो, १९०० च्या सुमारास तो हावड्याशी जोडला गेला, आणि त्याच रेल्वेचा संघ पुढे कोलकात्याच्या मैदानांवर नावारूपाला आला. ज्या शहरात भारतीय फुटबॉलविषयीचे वाद सर्वाधिक तावातावाने घातले जातात आणि जेथे महिला फुटबॉलची पहिली मोठी पिढी घडली, ते शहर अशा रीतीने भंडाऱ्याच्या रेल्वेमार्गाचे पूर्वेकडील टोक होते. रेल्वेने पुढील काळात महिला खेळाडूंना नोकऱ्या दिल्या आणि राष्ट्रीय स्पर्धेत स्वतःचा महिला संघ उतरवला, हेही येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

राष्ट्रीय संघातील सर्वश्रेष्ठ महिला खेळाडू निवडण्याचा खटाटोप जगातही फार जुना नाही. विसाव्या शतकातील सर्वोत्तम महिला खेळाडू ठरवताना फिफाला, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेला, एका नावावर थांबता आले नाही: जाणकारांच्या समितीचा कौल अमेरिकेच्या मिशेल एकर्सला मिळाला, तर इंटरनेटवरून आलेल्या मतांचा कौल चीनच्या सून वेनला, आणि अखेरीस हा मान दोघींना विभागून द्यावा लागला. एकर्सने १९९१ च्या पहिल्या अधिकृत महिला विश्वचषकात दहा गोल केले होते, सून वेन १९९९ च्या विश्वचषकातील सर्वोत्तम खेळाडू ठरली होती. दोघींचीही बाजू अधिकृत आकड्यांनी भक्कम होती. ज्यांच्या मागे असे आकडे नव्हते त्यांचा या निवडीत फारसा विचारच झाला नाही. इंग्लंडमध्ये २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर डिक, कर लेडीज या कारखान्यातील कामगार स्त्रियांच्या संघाचा सामना पाहायला सुमारे ५३ हजार प्रेक्षक आले होते, परंतु पुढल्याच वर्षी तेथील फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली आणि ही बंदी जवळपास पन्नास वर्षे टिकली; त्या संघातील लिली पार हिने केलेले गोल नेमके किती, हे त्यामुळे आजही अंदाजानेच सांगितले जाते. १९७१ मध्ये मेक्सिकोच्या अझ्टेका मैदानावर लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर डेन्मार्कच्या पंधरा वर्षांच्या सुझान ऑगस्टेसनने अंतिम सामन्यात तीन गोल करून यजमानांना हरवले. परंतु ती स्पर्धा फिफाच्या मान्यतेबाहेरची असल्याने ते गोल विश्वचषकाच्या हिशेबात धरले जात नाहीत.

भारतातील परिस्थिती या दोन्ही उदाहरणांशी जुळणारी, किंबहुना अधिक गुंतागुंतीची आहे. १९७५ मध्ये भारतीय महिला फुटबॉल महासंघ स्थापन झाला. ही पुरुषांच्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघापासून पूर्णपणे वेगळी संस्था होती, आणि तिचे नाते आशियाई महिला फुटबॉल परिसंघाशी होते, जो परिसंघही त्या काळी आशियाच्या मुख्य फुटबॉल संघटनेबाहेर उभा होता. म्हणजे देशातील आणि खंडातील अशा दोन्ही पातळ्यांवर स्त्रियांचा खेळ समांतर व्यवस्थेतून चालत होता, मैदाने व पैसा उसनवारीने उभा राहत होता, आणि सामन्यांचे अहवाल ठेवण्याची जबाबदारी अशा संस्थेवर होती जिचे पुढे विसर्जन होणार होते. ईस्ट बंगाल क्लबचे माजी प्रशिक्षक सुशील भट्टाचार्य यांच्या हाताखाली या संघाची सुरुवातीची जडणघडण झाली. १९८० च्या आरंभी कोझिकोड येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत यजमान या नात्याने भारताचे दोन संघ उतरले आणि त्यांपैकी एकाने अंतिम फेरी गाठली. १९८१ मध्ये हाँगकाँग येथे भारताला तिसरा क्रमांक मिळाला. १९८३ मध्ये बँकॉकला भारत पुन्हा उपविजेता ठरला. आशियाई पातळीवर भारतीय महिला संघाला एवढी उंची त्यानंतर कधीही गाठता आलेली नाही, आणि ही गोष्ट श्रेष्ठतेच्या कोणत्याही चर्चेत सर्वांत आधी मांडली गेली पाहिजे.

त्या संघांतील नावे आजच्या चाहत्यांच्या तोंडी क्वचितच येतात. बंगालची आघाडीपटू, म्हणजे गोल करण्याची मुख्य जबाबदारी असलेली खेळाडू, शांती मल्लिक हिला १९८३ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारी ती पहिली महिला फुटबॉलपटू होती. दुसरीला तो मिळण्यासाठी २०१७ साल उजाडावे लागले, आणि मधल्या ३४ वर्षांत पुरुष फुटबॉलपटूंची नावे त्या यादीत येत राहिली. तिच्याच पिढीतील कुंतला घोष दस्तिदार, कर्नाटकची चित्रा गंगाधरन आणि गोव्यातून राष्ट्रीय संघात पोहोचलेली योलांडा डिसोझा यांच्याविषयी त्यांच्या त्यांच्या प्रांतात आदराने बोलले जाते; मात्र त्यांनी भारतासाठी नेमके किती सामने खेळले आणि किती गोल केले, याचा सर्वमान्य तक्ता समोर ठेवून कोणालाही वाद घालता येत नाही. मराठी वाचकाला गोव्याचे उदाहरण विशेष जवळचे वाटावे, कारण तेथे फुटबॉल हा लोकांचा खेळ असूनही स्त्रियांच्या संघाची कहाणी पुरुषांच्या क्लबांच्या कहाणीखाली दबून गेली.

पुढे आशियाई पातळीवर १९८६ मध्ये आणि भारतात १९९० च्या दशकाच्या आरंभी ही समांतर व्यवस्था मुख्य संघटनांत विलीन झाली. विलीनीकरणाने मान्यता आली, परंतु सामने पुरेसे आले नाहीत. या नव्या काळातील सर्वांत मोठे नाव ओइनाम बेमबेम देवी हिचे. मणिपूरची ही मिडफिल्डर, म्हणजे बचाव आणि आक्रमण यांच्यामधील दुवा सांभाळणारी खेळाडू, १९९५ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी भारताकडून खेळली आणि २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत शिलाँग येथे सुवर्णपदक जिंकून तिने निवृत्ती घेतली. दोन दशकांहून लांब पसरलेल्या या कारकिर्दीच्या मानाने तिच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांची संख्या कमी दिसते, आणि तरुण चाहते अनेकदा तिच्याविरुद्ध हाच मुद्दा मांडतात. हा मुद्दा अन्यायाचा आहे. २००३ मध्ये महिला संघांची जागतिक क्रमवारी सुरू झाली आणि २००९ मध्ये भारताचे नाव त्या क्रमवारीतून वगळले गेले, कारण अठरा महिन्यांत संघाने एकही सामना खेळला नव्हता. खेळाडू तयार होती, कर्णधारपद तिच्याकडे होते, परंतु तिच्या ऐन उमेदीच्या वर्षांत राष्ट्रीय संघच मैदानात उतरवला गेला नाही. अशा वेळी सामन्यांची बेरीज खेळाडूची योग्यता दाखवत नाही, कारभाराची अनास्था दाखवते.

बेमबेमच्या विरोधात सर्वाधिक वेळा पुढे केले जाणारे नाव बाला देवी हिचे आहे, आणि त्यामागे ठोस कारणे आहेत. तीही मणिपूरचीच, जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबने तिच्याशी करार केला आणि युरोपात व्यावसायिक करारावर खेळणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू ठरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये काठमांडू येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध तिने भारतासाठी पन्नासावा गोल केला. त्याच स्पर्धेत बचावपटू आशालता देवी शंभर आंतरराष्ट्रीय सामने खेळणारी पहिली भारतीय महिला ठरली, पण तिची बाजू घेणारे चाहते मोजकेच आढळतात, कारण बचावपटूने रोखलेले गोल कोणत्याही तक्त्यात दिसत नाहीत. पंजाबच्या मनीषा कल्याणची बाजू मांडणारे आणखी वेगळी कसोटी लावतात: नोव्हेंबर २०२१ मध्ये मानाउस येथे ब्राझीलविरुद्ध तिने केलेला गोल. भारत तो सामना १–६ असा हरला, तरी एवढ्या बलाढ्य संघाविरुद्ध केलेला एक गोल दुबळ्या संघांविरुद्धच्या अनेक गोलांपेक्षा मोलाचा, असा त्यांचा दावा असतो. आणि २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलॉन क्लबकडून युरोपीय चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी ती पहिली भारतीय ठरल्याने या दाव्याला बळ मिळते.

या सर्व कसोट्या एकमेकींशी जुळणाऱ्या नाहीत. गोल मोजले तर बाला, सामने मोजले तर आशालता, प्रतिस्पर्ध्याची ताकद मोजली तर मनीषा, आशियाई यश मोजले तर १९८० ते १९८३ ची संपूर्ण पिढी. उपलब्ध पुराव्यांपुरता निवाडा करायचा झाल्यास बेमबेमचे पारडे जड ठरते, कारण संघ वर्षानुवर्षे उभाच केला जात नव्हता अशा काळात तिने खेळाची परंपरा तुटू दिली नाही, आणि २०१७ मध्ये इंडियन विमेन्स लीग या नव्या राष्ट्रीय स्पर्धेचे पहिले विजेतेपद ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनला मिळाले तेव्हाही त्या संघाचे नेतृत्व तिच्याकडेच होते. तथापि हा निवाडा १९९० नंतरच्या काळापुरताच धरला पाहिजे. शांती मल्लिक हिला या तुलनेत आणण्यासाठी १९७५ पासूनच्या सामन्यांचे अहवाल, वृत्तपत्रांतील बातम्या आणि हयात खेळाडूंच्या आठवणी एकत्र करून पडताळण्याचे काम आधी व्हावे लागेल, आणि ते त्या खेळाडू हयात असतानाच व्हायला हवे.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातील मुलीच्या दृष्टीने या वादाला आणखी एक बाजू आहे. राष्ट्रीय संघापर्यंतची तिची वाट शालेय स्पर्धांतून जाते: तालुका, जिल्हा, मग भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा आणि नागपूर या जिल्ह्यांचा मिळून होणारा नागपूर विभाग, आणि त्यानंतर राज्य. आंतरशालेय फुटबॉलमधील प्रतिष्ठेच्या सुब्रतो करंडकाची सुरुवात १९६० मध्ये झाली, पण त्यात मुलींचा विभाग आला तो २०१२ मध्ये. म्हणजे जिल्ह्यातील मुलांच्या तीन पिढ्यांना जी पायरी उपलब्ध होती ती मुलींना अर्ध्या शतकानंतर मिळाली. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या स्लम सॉकर या संस्थेने झोपडपट्टीतील मुलांमुलींना मैदानावर आणले, तिला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये आलेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ चित्रपटामुळे ते काम घराघरांत पोहोचले. भंडाऱ्याला लाभलेला हा सर्वांत जवळचा आदर्श होय. राष्ट्रीय पातळीवर राज्यांच्या महिला संघांमध्ये खेळला जाणारा करंडक आता राजमाता जिजाबाईंच्या नावाने दिला जातो, मात्र त्यावर वर्षानुवर्षे हुकूमत राहिली आहे ती मणिपूरची, आणि श्रेष्ठतेच्या यादीत मणिपुरी नावांची गर्दी का आहे याचे उत्तर त्या राज्यातील गावागावांत मुलींसाठी टिकून राहिलेल्या क्लबांमध्ये सापडते.

महाराष्ट्रालाही हा वाद प्रत्यक्ष मैदानावर पाहण्याची संधी चालून आली होती. जानेवारी २०२२ मध्ये आशियाई महिला चषकाचे सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे भरले; भारताने नवी मुंबईत इराणशी गोलशून्य बरोबरी साधली, आणि दुसऱ्या सामन्यापूर्वीच संघात करोनाची लागण पसरल्याने यजमान संघ स्पर्धेबाहेर गेला. यजमानपदामुळे मिळालेला तो प्रवेश असा वाया गेल्यानंतर ५ जुलै २०२५ रोजी चियांग माई येथे भारताने थायलंडला २–१ असे हरवून २०२६ च्या आशियाई चषकात पात्रता फेरी खेळून स्थान मिळवले, आणि दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरने केले. तेव्हापासून चाहत्यांच्या यादीत तिचेही नाव घेतले जाऊ लागले आहे. पात्रता फेरीतून मिळालेला हा पहिलाच प्रवेश म्हणून त्याचे सर्वत्र कौतुक झाले आणि ते रास्तच होते. १९८३ च्या अंतिम सामन्यात बँकॉकमध्ये भारताला हरवणारा संघही थायलंडचाच होता आणि त्या भारतीय संघात शांती मल्लिक खेळत होती, याचा उल्लेख मात्र त्या कौतुकात फार थोड्या ठिकाणी आढळला.